पाइप घ्यायचा आहे

26 जानेवारी 2025, रविवार

सुरतेत, भागळला बँडच्या वाद्यांचं दुकान. आज थांबून आत गेलो. भिंतीवर बॅगपाइपचा पूर्ण संच टांगलेला. लाल चौकड्यांचं कापड, पिशवी, एकच सूर धरणारे तीन ड्रोन, बोटांनी वाजवायचा चँटर. निकेल चकाकतं. चौदा हजार. वरातीला लग्नाचे बँडवाले हाच नेतात म्हणे.

हातात घेतला. हलका वाटला.

घरी काही बोललो नाही.

29 जानेवारी, बुधवार

टीव्हीवर बीटिंग रिट्रीट. पाइप आणि ड्रम निघाले तसा आवाज वाढवला. हिने विचारलं, मामा यात असायचे का. मामा दिल्लीला वाजवायला कधी गेले नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला. तिथल्या मैदानावर, रंगरुटांच्या कसम परेडला वाजवायचे. लहानपणी एकदा नेलं होतं. पायाखालची जमीन हलते असं वाटलं होतं.

हिला सांगितलं, मला शिकायचंय. ती म्हणाली, या वयात? मग म्हणाली, किती पैसे?

2 फेब्रुवारी, रविवार

मामांना फोन. अमळनेरला थंडी अजून आहे. बोलताना दम लागतो. चौदा हजारांचा संच सांगितला.

"आते लेऊ नको. पहिले शिक."

कुणाकडे शिकू? म्हणाले, सुरतेत बोहऱ्यांचा स्काउट बँड असेल. त्यांच्यात पाइप वाजवणारे असतात. जाऊन उभा राहा.

9 फेब्रुवारी, रविवार

झांपा बाजार. बोहऱ्यांच्या देवडीच्या मागच्या गल्लीतून विचारत गेलो. सोनेरी काठाच्या टोप्यांची दुकानं, इमारतींना लाकडी कठडे. दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, पण पाइपचा नाही. बारीक, नाकातून आल्यासारखा. पोरं ओळीत बसून काळ्या नळ्या फुंकत होती.

मास्तर साठीचे. हार्डवेअरचं दुकान आहे, बँड समाजासाठी. पैसे घेत नाहीत. म्हणाले, उधन्याहून येणार? रविवारी दहाला. उशीर चालणार नाही.

"पहेलां चँटर, पछी बॅग."

मामांनी अहिराणीत सांगितलं तेच गुजरातीत.

11 फेब्रुवारी

प्रॅक्टिस चँटर मिळाला. प्लॅस्टिकचा, लांब. मास्तरांकडे जास्तीचा होता. अडीच हजार दिले. आखूड चँटर मुलांच्या बोटांचा, मोठ्यानं लांबच घ्यावा. भोकांमधलं अंतर खऱ्या चँटरच्या जवळ येतं.

पुढे सात भोकं, मागे अंगठ्याचं एक. सूर नऊ.

बोटांची टोकं ठेवायची नाहीत. सपाट ठेवायची. खालच्या हाताची तर मधल्या पेरांनी झाकायची. आयुष्यभर लेथवर मायक्रोमीटर टोकांनी धरला. बोटं ऐकत नाहीत.

16 फेब्रुवारी, रविवार

आज सूर समजले. चँटरचा खालून दुसरा सूर सा धरला तर वर रे, ग, म, प, ध शुद्ध, नी कोमल, वर तार सा. साच्या खाली आणखी एक कोमल नी. खमाज थाट! मास्तरांना सांगितलं. त्यांना थाट माहीत नाही, पण गाऊन दाखवल्यावर खूश झाले. पोरांना म्हणाले, ऐका, हा माणूस पाइप गातो.

ड्रोन म्हणजे तंबोराच. दोन टेनर साच्या खालच्या सप्तकात, बास त्याच्याही खाली. सतत. चँटरचा प्रत्येक सूर त्या सावर घासून पाहिला जातो. एक सूर किंचित खाली असला की लगेच कळतं. लपवायला जागा नाही.

शिवाय थांबता येत नाही. पिशवीत हवा आहे तोवर सूर चालूच. हळू-मोठं करता येत नाही. एकच सूर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मध्ये दुसऱ्या बोटाचा झटका द्यायचा. त्या झटक्यांचंच शास्त्र आहे. मास्तर महिनोन् महिने तेवढंच करून घेतात.

20 फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मागे चँटर. समोर लूम चालू. खटखटाटात मला स्वतःला ऐकू येत नाही. कुणालाच त्रास नाही. चांगली जागा.

23 फेब्रुवारी, रविवार

शिकवणीनंतर मास्तरांना भागळला घेऊन गेलो. टॉर्च आणि व्हर्नियर खिशात. दुकानदार माणूस बरा, सांधे उघडू दिले.

ड्रोनच्या आत टॉर्च मारला. बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, धाग्यासारखे तंतू उभे. ड्रिल मध्ये थांबवून पुन्हा घातलेलं, त्याची पायरी दिसते. टेनर दोन, दोघांचा बोअर वेगळा. जोडाची खुंटी ढिली, वर धागा गुंडाळून गुंडाळून जाड केलेली. चँटरचा बोअर वरून खाली रुंद होत जायला हवा, सरळ उतार हवा. याला मध्ये पोट आलंय.

मास्तरांनी स्वतःची रीड, म्हणजे सूर काढणारी पाती, लावून फुंकला. प खाली, तार सा आणखी खाली. रीड वरखाली करून पाहिली. एक सूर जागेवर आला की दुसरा सुटतो.

मास्तर दुकानदाराला नम्रपणे म्हणाले, शोभेला छान आहे.

रस्त्यात मला म्हणाले: नवशिक्याला वाटतं, चूक माझी आहे. वर्षभर फुंकतो. बोटं बरोबर असतात, सूर येत नाही. मग सोडतो. अशी किती पोरं गेली.

हे रात्रभर डोक्यात.

1 मार्च

रमजान. शिकवणी महिनाभर बंद. मास्तरांनी कागदावर सराव लिहून दिलाय. दोन्ही बाजू भरलेल्या.

14 मार्च

धुळवड. बोटांना रंग. चँटर धरला नाही.

19 मार्च

अंगठ्याचा सूर जमत नाही. ही म्हणते, चालू ठेवा, पण दार लावून.

2 एप्रिल

लाकडाचा नाद लागला. संच कशाचा असावा हे मला माझ्या धंद्यातून कळायला हवं.

स्कॉटलंडचे जुने कारागीर काळं आफ्रिकी लाकूड वापरतात. टांझानिया, मोझांबिकमधलं. क्लॅरिनेटही त्याचेच. आपल्या शिसवाच्याच कुळातलं, दाल्बर्जिया. पण इतकं जड की पाण्यात बुडतं. त्यामुळे बोअर आरशासारखा निघतो. स्वस्त संच शिसमाचे. शिसम फर्निचरला उत्तम. पण त्याचे तंतू मोठे, ओल पितं, फुगतं, सुकलं की आकसतं. आणि फुंकणाऱ्याच्या श्वासातली ओल तर रोजचीच. त्यात सुरतेचा पावसाळा.

वर्कशॉपमध्ये शिसमाचा तुकडा लेथवर लावून बोअर काढला. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवला. सकाळी प्लग गेज जाईना. फडकं काढून उन्हात ठेवला, संध्याकाळी गेज खडखडतो.

आणि डेल्रिन आम्ही रोज काढतो. एम्ब्रॉयडरी मशीनचे बुश. पाइपवाले त्याच जातीच्या मालाला पॉलिपेन्को म्हणतात. फुगत नाही, तडकत नाही, तेल मागत नाही. त्याच लेथवर, त्याच हातानं काढलेला बोअर महिन्यानंतरही तोच.

आवाजाचं मास्तरांना विचारायचं.

6 एप्रिल, रविवार

विचारलं. म्हणाले, डोळे मिटा. पडद्यामागे दोन संच वाजवले. एक त्यांचा काळ्या लाकडाचा, एक बँडचा प्लॅस्टिकचा. मला फरक सांगता आला नाही. पोरांपैकी एकाला आला, तो लहानपणापासून ऐकतोय.

"तमारे माटे प्लास्टिक."

मी विचारलं, मग लाकूड कधी? म्हणाले, ज्या दिवशी तुम्हाला फरक ऐकू येईल.

13 एप्रिल, रविवार

मास्तरांच्या पाइपचा सूर मोबाइलवर मोजला. लेकीनं अ‍ॅप घातलंय. सा 478 हर्ट्झच्या आसपास. पेटीची काळी पाच 466. म्हणजे काळी पाचच्याही वर. पेटीबरोबर जमणार नाही. भजनी मंडळात पाइप नेण्याचा विचार सोडला.

प्रॅक्टिस चँटर मात्र सप्तकभर खाली बोलतो. कारण कळलं: त्याचा बोअर सरळ नळीचा, खऱ्याचा उताराचा. सरळ बंद नळी तेवढ्याच लांबीत खालचा सूर देते. बोटं तीच. घरात वाजवता येतो ते यामुळेच.

19 एप्रिल

मशीनचे ऑर्डर कमी. शनिवारी दुपारीच सुट्टी. पैसे बाजूला टाकायचे ठरवलं होतं, या महिन्यात जमणार नाही.

30 एप्रिल

आखाजी. गाडीनं अमळनेर, तिथून गाव. मामा खाटेवर, पण डोळे तेच. आंब्याचा रस, पुरणपोळ्या. पोरी झोक्यावर.

जेवण झाल्यावर म्हणाले, दाखव. चँटर काढला. पहिला सराव वाजवला. डोळे मिटून ऐकलं. मध्येच हात वर केला. डाव्या हाताच्या करंगळीकडे बोट. उगाच ताठ होती.

मग ट्रंकेतून त्यांचा चँटर काढायला लावला. लाकडाचा, तोंडाशी दातांच्या खुणा. बेळगावला रंगरूट असताना मिळालेला. म्हणाले, संच सरकारचा असतो. चँटर आपला.

माझ्या पिशवीत घातला. नको म्हणता आलं नाही.

त्यांनी स्वतः ओठाला लावला नाही.

2 मे

पहलगामच्या हल्ल्यानंतर रोज काही ना काही. आज सरकारनं पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी घातली. थेट असो की तिसऱ्या देशातून.

सियालकोट हे इंग्रजांच्या काळापासून पाइप बनवणारं गाव. जगभर स्वस्तातले पाइप तिथूनच जातात. इंटरनेटवर दुबईचा पत्ता दाखवून दहा-बारा हजारांना मिळणारा एक संच मी मार्चपासून पाहत होतो. ते पान बंद केलं.

सियालकोटलाही चांगला हात असलेले कारागीर असणारच. मला त्यांच्याबद्दल काही वाईट लिहायचं नाही. फाळणीआधी हे वाद्य एकाच फौजेत वाजत होतं.

7 मे

मॉक ड्रिल. संध्याकाळी दिवे बंद. पोरं गच्चीवर. अंधारात चँटर वाजवला. बोटांकडे पाहताच येत नव्हतं. पहिल्यांदा सगळे सूर ओळीनं लागले.

11 मे, रविवार

शिकवणी झाली, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तरांचा भाऊ कराचीला. फोन लागत नाही.

25 मे, रविवार

कॅन्टीनचा आचारी गढवालचा. माझ्या डब्याशेजारी चँटर पाहून थांबला. म्हणाला, आमच्याकडे लग्न याच्याशिवाय लागत नाही. मशकबीन. फौजेतून परत आलेल्यांनी आणलं, मग गावच्या ढोल-दमाऊबरोबर बसलं. त्याचे काका वाजवायचे. जुनी पिशवी बकऱ्याच्या कातड्याची.

विचारलं, पावसाळ्यात काय करायचे? म्हणाला, चुलीजवळ टांगायचे.

23 जून

रात्रीपासून पाऊस. खाडी भरली. लिंबायतच्या बाजूला घरांत पाणी. वर्कशॉप बंद. आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत. मामांचा चँटर, लेकीची पुस्तकं, शिधापत्रिका माळ्यावर.

24 जून

पाणी अजून आहे.

25 जून

ओसरलं. चिखल. वास. मशीनच्या मोटारी उघडून वाळवायला ठेवल्या. दिवसभर तेच.

रात्री माळ्यावरून चँटर काढला. मामांच्या चँटरला आत पांढरी बुरशी. तीन दिवसांत!

26 जून

मोहरम. मास्तर अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस, होईपर्यंत नाहीत. वअज, म्हणजे प्रवचनं, ऐकणार.

29 जून, रविवार

बुरशी डोक्यातून जात नाही. वाचलं: मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये 'थोरॅक्स' या नियतकालिकात एक केस छापली. एकसष्ट वर्षांचा माणूस. रोज पाइप वाजवायचा. वर्षानुवर्षं खोकला, धाप. परदेशी गेला, पाइप नेला नाही, तेव्हा बरं वाटलं. परत आल्यावर पुन्हा तेच. पिशवीत, रीडच्या आसपास बुरश्या सापडल्या. माणूस वाचला नाही.

फुप्फुसाच्या त्या आजाराला पाइप एकटाच कारण असतो असं नाही. कबुतरांच्या विष्ठेनं होतो, सडलेल्या गवतानं होतो. पण ओली पिशवी बंद करून ठेवायची नाही, एवढं नक्की.

मामांना फोन करावासा वाटला. केला नाही. त्यांची पिशवी कातड्याची होती, बेळगावचा पाऊस, वीस वर्षं.

6 जुलै, रविवार

केला फोन. दुसरंच बोललो. बोटांबद्दल.

मामांना डॉक्टरांकडे न्यायचं भावजयीच्या कानावर घातलं.

13 जुलै, रविवार

मास्तर परत. पिशवीबद्दल विचारलं. उत्तर आज वहीत नीट उतरवून घेतो.

कातड्याची पिशवी हवा चांगली धरते, ओल शोषते, पण आतून मसाला घालून तयार करावी लागते, दर काही महिन्यांनी. सुरतेत बुरशी धरते. सिंथेटिकची ओल शोषत नाही, म्हणून आत पाण्याचा सापळा लावायचा, म्हणजे ओल ड्रोनच्या रीडपर्यंत जात नाही. झिपची घ्यायची. वाजवून झालं की झिप उघडायची, आत हात घालून पुसायचं, रात्रभर उघडी ठेवायची. फुंकनळी आणि चँटर रोज आतून पुसायचे.

ड्रोनच्या रीड सिंथेटिक चालतील. हवामान बदललं तरी सूर धरतात. चँटरची रीड मात्र बोरूची. अरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच गवताची, दोन पात्यांची. नवशिक्यासाठी हलकी. जड रीड मोठा आवाज देते, पण फुंकणारा दोन मिनिटांत लाल होतो, मग पिशवीचा दाब डळमळतो, मग सूर डळमळतो.

"पइसा रीडमां नाखो, चांदीमां नहीं."

निकेल, चांदी, नक्षी, आवरणाचं कापड. यातलं काहीच आवाज देत नाही. दुकानात डोळा आधी तिथेच जातो.

24 जुलै

लंडनला भारत-ब्रिटन करारावर सह्या. भागळचा दुकानदार भेटला, म्हणाला थांबा, विलायती माल स्वस्त होईल. मास्तरांना सांगितलं. म्हणाले, थांबाच. पण त्या कारणासाठी नाही. अजून तुमचे ग आणि म एकमेकांत मिसळतात.

3 ऑगस्ट, रविवार

कानबाईचा सण. रात्रभर जागरण. अख्खी गल्ली खान्देशी झाली, डिंडोलीपासून नवागामपर्यंत सगळीकडे तेच. सव्वाचे रोट, गंगाफळाची भाजी, खीर. शिकवणीला गेलो नाही, मास्तरांना आधीच सांगितलं होतं.

4 ऑगस्ट

विसर्जन. सकाळी मिरवणुकीत बँड. बँजो, ढोल, आणि मध्ये एक पाइपवाला, राजस्थानी फेटा. ड्रोन तीन, पण वाजत नव्हता एकही. टोकांना बुचं. फक्त चँटर. त्याच्याशेजारी चालत राहिलो. थांबला तेव्हा विचारलं. म्हणाला, ड्रोन सुरात येत नाहीत साहेब, मालकानं असाच दिला.

माणसाचा हात फार चांगला होता. बोटं पाण्यासारखी. आणि हातात ते लाकूड.

10 ऑगस्ट, रविवार

मास्तरांना त्याच्याबद्दल सांगितलं. गप्प बसले. मग म्हणाले, नंबर घेतला का? घेतला होता. त्यांनी लावला. पुढच्या रविवारी ये म्हणाले, ड्रोनच्या रीड देतो.

17 ऑगस्ट, रविवार

आला. मास्तरांनी त्याच्या संचाच्या नळ्या आतून साफ केल्या, खुंट्यांवर मेण लावलेला नवा धागा गुंडाळला, सिंथेटिक रीड बसवल्या. एक टेनर लागला. दुसरा लागलाच नाही, बोअरच चुकीचा. बास थोडा लागला. एका टेनरवर त्यानं लग्नातली चाल वाजवली.

तो उभाच होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

27 ऑगस्ट

गणपती बसले. भारतीय मालावर अमेरिकेची पन्नास टक्के जकात आजपासून. शेजारचा हिरे घासतो, कारखान्यानं दिवाळीची सुट्टी लवकर देणार म्हणून सांगितलंय. आमच्याकडे अजून तसं नाही. संचाच्या डब्यातले पैसे मोजले. हिने पाहिलं, काही म्हणाली नाही.

7 सप्टेंबर, रविवार

मास्तरांनी आज 'गूज' दिला. पिशवी आणि फुंकनळी, खाली प्रॅक्टिस चँटर. ड्रोन नाहीत. दाब शिकायला. फुंकायचं, श्वास घेताना दंडानं दाबायचं, सूर हलू द्यायचा नाही.

हलतो. समुद्रावर होडी हलते तसा.

10 सप्टेंबर

दंड दुखतो. ओठ सुन्न.

16 सप्टेंबर

लेकीच्या शाळेतले पी.टी.चे सर घरी आले. संरक्षण मंत्रालयाची शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा असते. त्यात पाइप बँडचा वेगळा गट, मुलांचा आणि मुलींचा. संस्थेनं पैसे मंजूर केलेत. आठ संच घ्यायचेत. भागळचंच दुकान, चौदाचा भाव, आठ घेतले तर बाराला. तुम्ही शिकताय असं कळलं, बघून द्याल का?

शिकवणार कोण, विचारलं. म्हणाले, व्हिडिओ बघून शिकतील. मुलं हुशार आहेत.

हुशार आहेत म्हणूनच काळजी. चहा झाला. विचार करून सांगतो म्हटलं.

21 सप्टेंबर, रविवार

मास्तरांना विचारलं. हिशेब मांडला. आठ संचांचे शहाण्णव हजार. त्याच पैशात पंचवीस प्रॅक्टिस चँटर, त्यांच्या रीड, पुस्तकं, आणि वर्षाचं मानधन. पंचवीस मुलांतली दहा वर्षभर टिकतील. मग त्या दहांसाठी संच.

मास्तर म्हणाले, माझ्या बँडमधला मोठा पोरगा शनिवारी उधन्याला येऊ शकतो.

28 सप्टेंबर, रविवार

गूजवर सूर धरला. पूर्ण चाल. मास्तर काही म्हणाले नाहीत, पुढचं पान उघडलं.

2 ऑक्टोबर

दसरा. शाळेच्या सरांना पत्र दिलं. लेकीनं टाइप केलं. वाचताना म्हणाली, बाबा, तुम्ही रागावून लिहिलंय. दोन वाक्यं काढली.

6 ऑक्टोबर

कोजागिरी. घारीच्या दुकानांत गर्दी. मामांसाठी अर्धा किलो पाठवली. डॉक्टरांनी इन्हेलर दिलाय, धाप कमी आहे. भावजय म्हणाली, संध्याकाळी ओट्यावर बसून बोटं हलवत असतात, हातात काही नसताना.

12 ऑक्टोबर, रविवार

मास्तरांचा स्वतःचा संच, पूर्ण, पहिल्यांदा माझ्या खांद्यावर. तिन्ही ड्रोन डाव्या खांद्यावर. आधी दोन टेनर बुचं लावून बंद ठेवले, नुसता बास. मग एक टेनर, मग दुसरा. सरकवत सरकवत मास्तरांनी लावले. दोन टेनर जुळले तेव्हा थरथर थांबली आणि एकच सूर झाला. छातीच्या आत.

चँटर लावायचं सुचलंच नाही. मास्तरांनी चँटरच्या जागी बूच ठेवलं होतं. नुसते ड्रोन. अर्धा तास.

कानात कापूस होता तरी घरी येईपर्यंत तोच सूर.

19 ऑक्टोबर, रविवार

दिवाळीमुळे शिकवणी नाही. हिने डबा पुढे केला. बोनस तिनेच टाकलेला. म्हणाली, पुढच्या वर्षी कपाट घेऊ.

2 नोव्हेंबर, रविवार

मास्तर म्हणाले, आता घ्या. ग आणि म वेगळे ऐकू येतात.

9 नोव्हेंबर, रविवार

ऑर्डर दिली. किलमारनॉकच्या मॅककॅलमचा पॉलिपेन्कोचा संच. नक्षी नाही, चांदी नाही. झिपची सिंथेटिक पिशवी, पाण्याचा सापळा. ड्रोनच्या रीड सिंथेटिक. चँटरच्या बोरूच्या रीड सहा, सगळ्या हलक्या. फुंकनळी आखूड, मास्तरांनी माझ्या मानेचं माप घेऊन सांगितली. जकात धरून एक लाखाच्या थोडं आत. कापड काळं.

शाळेचं उत्तर आलं. बावीस चँटर घ्यायचं ठरलंय, संच पुढच्या वर्षी. शनिवारी चार वाजता वर्ग. सरांना एवढंच कळवलं: शिकवणारा पोरगा येईल, त्याला जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं वेळेवर द्या, आणि मुलांना पहिले सहा महिने भागळच्या दुकानात नेऊ नका.